सगळ्यांना कळवलं

भामरे मॅडम वारल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. फोन नीलेशचा होता. तो, मी आणि मॅडम पूर्वी नाशिकला एकाच कंपनीत होतो. सटाण्याला, घरीच, झोपेत गेल्या म्हणाला. मी ‘हो का’ म्हटलं. मग दुपारची मीटिंग केली, घरी येताना मेथीची जुडी घेतली आणि निवडत बसले. त्याला आता बरेच दिवस झाले. मला अजून काही वाटलेलं नाही. वाटायला हवं होतं एवढं कळतं, कारण आज मी जे काम करून पोट भरते ते मला त्यांनी शिकवलं. रडू येत नाही, तर निदान आठवतं ते लिहून ठेवावं म्हणून बसले आहे.

कॉलेज रोडला एका मेडिकल दुकानाच्या वर आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन खोल्या, एक गॅलरी आणि मालक महाजन सर. मी कळवणची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि माझं सगळं शाळाशिक्षण मराठीतलं. पहिल्या आठवड्यात एक जाड इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे होतं आणि मी एकाच पानावर बसून होते. मॅडम मागून आल्या, पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, “मराठीत विचार कर. टाइप फक्त इंग्रजीत करायचं असतं.” मग दुपारी डबा उघडताना हळूच अहिराणीत विचारलं, “जेवनी का?” त्या सटाण्याकडच्या. ऑफिसात घरची बोली बोलता येते हे मला तोवर माहीत नव्हतं.

चाळिशी ओलांडलेल्या, उंच, कायम सुती साडी, आणि पदर कमरेला खोचलेला, जणू कुठल्याही क्षणी भांडी घासायला बसायचं आहे. त्यांनी नोकरीची पहिली कितीतरी वर्षं सी या भाषेत प्रोग्राम लिहिले होते. त्या भाषेत मशीनकडून मेमरी मागून घ्यावी लागते आणि काम झालं की आठवणीनं परत करावी लागते. परत करायची राहिली तर ती अडकून पडते, आणि असं साठत साठत एक दिवस मशीन बंद पडतं. मॅडमचा नियम होता, “आधी सोडायचं कसं ते लिही, मग घे.” म्हणजे मेमरी मागणारी ओळ लिहिण्याआधी त्या ती परत करणारी ओळ खाली लिहून ठेवत, आणि मग मधली जागा भरत.

हा नियम प्रोग्रामपुरता राहिला नव्हता. कोणी लग्नाचं आमंत्रण दिलं तर त्या आधी विचारत, निघायला किती वाजता हरकत नाही. पेन मागताना कधी परत देणार ते सांगत आणि त्या वेळेला ते तुमच्या टेबलावर असे. चहा संपला की ग्लास स्वतः विसळून पालथा घालत. संध्याकाळी निघताना सगळी मशीनं, पंखे, ट्यूबलाइट बंद करत, आणि स्टूलवर चढून मेन स्विचसुद्धा. महाजन सर म्हणत, बाई आहेत म्हणून वीजबिल परवडतं.

मग आम्ही जावाकडे वळलो. जावामध्ये मेमरी परत करावी लागत नाही. ते काम भाषा स्वतः करते. जी वस्तू आता कोणालाच नको आहे, तिला ती शोधते आणि उचलून टाकते. हे करणाऱ्याला गार्बेज कलेक्टर म्हणतात. आम्हा नव्या मुलांना हे फार सोयीचं वाटलं. मॅडमना नाही. त्या सवयीनं प्रत्येक गोष्ट स्वतः मोकळी करत राहिल्या. नीलेश त्यांना चिडवायचा.

“मॅडम, आता मोलकरीण ठेवलीये. तुम्ही कशाला भांडी घासताय?”

“येते किती वाजता ती?”

“ते काय सांगता येत नाही. तिला वाटलं की येते.”

“मग ठेव तू तिच्या भरवशावर खरकटी.”

पण त्या अडून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. पटलं नाही तरी नीट शिकून घेत, आणि शिकलं की आम्हाला समजावत. वीक रेफरन्स म्हणजे काय, हे मला त्यांच्याइतकं सोपं करून नंतर कोणीच सांगितलं नाही. आमच्याकडे चहा द्यायला इंदूबाई यायच्या. मॅडम म्हणाल्या, इंदूबाई रिकामे ग्लास कसे उचलतात ते बघ. ज्या ग्लासावर कोणाचा हात आहे तो त्या उचलत नाहीत. हा झाला पक्का रेफरन्स. ज्याच्याकडे कोणी नुसतं बघतंय, हात लावलेला नाही, तो उचलतात. हा वीक रेफरन्स, कच्चा. तुला ग्लास दिसतो, तो आहे तोवर तू पिऊ शकतेस, पण तुझ्या बघण्यानं तो टेबलावर राहत नाही. आणि त्या कधी येतील सांगता येत नाही, पण मोरीतले ग्लास संपले की नक्की येतात. “असलं कशाला हवं मग?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, कधी कधी आपण उगाच हात ठेवून बसतो. मग टेबलं भरतात.

पिंपळगावच्या पुढे एक द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज होतं, तिथं आमचं सॉफ्टवेअर बसवलेलं होतं. त्याच्या मालकांना सगळे आबा म्हणत. निर्यातीची द्राक्षं पेट्यांत भरून तिथल्या थंड खोल्यांत ठेवायची. प्रत्येक खोलीत तापमान मोजणारा सेन्सर. ते आकडे केबिनमधल्या कॉम्प्युटरवर दिसायचे, आणि खोली तापायला लागली की आमचा प्रोग्राम भिंतीवरचा भोंगा वाजवायचा. तो ऐकून ऑपरेटरनं धावत जाऊन कॉम्प्रेसर बघायचा. ऑपरेटर होते रामदास निकम. शांत माणूस. आम्ही बसवायला गेलो तेव्हा त्यांनी आमच्यासाठी पेटीतून नाही, बाजूला पडलेल्या सुट्या मण्यांतून निवडून द्राक्षं आणली होती.

तिथलं मशीन दर काही दिवसांनी अडकून बंद पडायचं. कारण मॅडमनी शोधलं. रामदास दिवसभरात एकेका खोलीची खिडकी स्क्रीनवर उघडायचे आणि बंद करायचे. उघडलेली प्रत्येक खिडकी ‘तापमान बदललं की मला कळवा’ म्हणून एका यादीत नाव लावायची. खिडकी बंद झाली तरी यादी तिला धरून ठेवायची. अशा मेलेल्या खिडक्यांनी मेमरी भरत होती. मॅडमनी यादीतला प्रत्येक रेफरन्स वीक करून टाकला. खिडकी बंद झाली, आता तिच्यावर कोणाचा हात नाही, कलेक्टर येईल आणि नेईल. मशीन बंद पडायचं थांबलं. महाजन सरांनी पेढे आणले. नीलेश म्हणाला, शेवटी मॅडमनी मोलकरीण ठेवली. त्या हसल्या. कलेक्टरवर त्यांनी भरवसा टाकलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

द्राक्षांच्या ऐन हंगामात, एका रविवारी दुपारी, तिकडे वीज गेली आणि आली. केबिनमधला कॉम्प्युटर बॅटरीवर चालूच राहिला, पण एका खोलीचा कॉम्प्रेसर परत सुरू झाला नाही. रामदास पलीकडच्या दाराशी ट्रक भरून घेत होते. भोंगा वाजला तर कळेल म्हणून निर्धास्त होते. संध्याकाळी त्यांनी खोलीचं दार उघडलं तेव्हा आतून गरम हवा आली. पेट्यांना पाणी सुटलं होतं, घडांचे देठ तपकिरी पडले होते. माल निर्यातीचा राहिला नाही.

भोंग्याशेजारी एक स्विच होता. कानाला त्रास होतो म्हणून पूर्वीचे ऑपरेटर तो बंद करून ठेवत. आबांनी रामदासवर तेच धरलं. पण आबा सरळ माणूस, म्हणून आधी त्यांनी आमच्याकडे फोन करून विचारलं, तुमचा प्रोग्राम चालू होता का. मॅडमनी फाइल मागवून बघितली. प्रोग्राम आपण काय काय केलं याची नोंद ठेवत होता. तापमान वाढल्याची वेळ त्यात होती आणि तिच्या खाली ओळ होती, सगळ्यांना कळवलं. चूक कुठेच नाही. मॅडमनी फोनवर सांगितलं, “आबा, प्रोग्रामनं त्याचं काम केलंय.” त्याच दिवशी रामदासना कामावरून काढलं.

ते दोन-तीन दिवसांनी आमच्या ऑफिसात आले. खांद्याला पिशवी, पायातल्या चपला हातात घेऊन दाराशी उभे. नीलेश म्हणाला, अहो चालतं, घालून या. त्यांनी घातल्या नाहीत.

“मॅडम, स्विचला म्या हात नाय लावला. तुमचं मशीन लिहून ठेवतं ना समदं? त्यात बघा की, माझं नाव हाय का.”

मॅडमनी सांगितलं, स्विच कॉम्प्युटरला जोडलेला नाही, त्यामुळे तो कोणी दाबला हे मशीनला कळत नाही. रामदास म्हणाले, मग ते माझ्या बाजूनं पण बोलत नाय. मॅडम म्हणाल्या, नाही. इंदूबाईंनी चहा दिला, तो त्यांनी उभ्यानंच प्यायला, आणि गेले.

मला तेव्हा वाटलं होतं की त्यांनीच बंद केला असेल. मॅडमनाही तसंच वाटत होतं, असं त्या नंतर म्हणाल्या. तरी त्या दिवसापासून त्यांनी एका मशीनवर तोच प्रोग्राम लावला. तसाच एक सेन्सर आणि एक छोटा भोंगा आमच्याकडे चाचणीसाठी होता. रोज सकाळी आल्यावर त्या सेन्सर मुठीत धरत. हाताच्या उबेनं आकडा वर जाई आणि भोंगा वाजे. रोज वाजे. खालचे मेडिकलवाले तक्रार करायला वर आले.

मग एका शनिवारी मॅडम लवकर गेल्या आणि मशीनं बंद करायचं काम नीलेशकडे आलं. तो विसरला. सोमवारी सकाळी प्रोग्राम शनिवारपासून तसाच चालू होता. मॅडमनी सेन्सर मुठीत धरला. आकडा चढला, लाल झाला, आणि काही झालं नाही. मॅडम मूठ तशीच धरून उभ्या राहिल्या. मी बघत होते. फाइल उघडली, त्यात ओळ होती. सगळ्यांना कळवलं.

त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “मनीषा, भोंग्यावर कोणाचा हात होता?”

कोणाचाच नव्हता. खिडकी उघडी असली की स्क्रीनचा तिच्यावर हात असतो. भोंगा वाजवणारा तुकडा प्रोग्राम सुरू होताना एकदाच बनायचा आणि त्याच यादीत नाव लावून बसायचा. बाकी कोणी त्याला धरलेलं नव्हतं. पूर्वी यादी पक्की होती म्हणून तो टिकत होता. यादी कच्ची केल्यावर खिडक्यांबरोबर तोही उचलला गेला. यादी रिकामी झाली होती. रिकाम्या यादीतल्या सगळ्यांना कळवणं यात चूक होण्यासारखं काही नसतं. म्हणून नोंद स्वच्छ. आणि आमच्याकडे तो रोज वाजला, कारण मॅडम रोज संध्याकाळी सगळं बंद करत. रोज सकाळी प्रोग्राम नव्यानं सुरू व्हायचा, भोंगा नव्यानं बनायचा. कोल्ड स्टोरेजचं मशीन कोणी कधी बंद करत नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती. ती त्यांनी लगेच केली. मग महाजन सरांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं.

महाजन सर वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, आबांनी आपल्याला एका अक्षरानं दोष दिलेला नाही. दुरुस्त केलेला प्रोग्राम आजच बसवू. आणखी तीन कोल्ड स्टोरेजवाले आपल्याशी बोलतायत, त्यांच्या कानावर हे गेलं तर ही पोरं उद्या काय करतील? त्या ऑपरेटरला मी सातपूरला कुठंतरी चिकटवून देतो. चांगली नोकरी देतो.

“सर, नोकरी द्याल हो. पण तो स्विच त्यानं बंद केला, हे मी सांगितलं.”

“तुम्ही तसं म्हणाला नाहीत.”

“प्रोग्रामनं काम केलं म्हटलं. मग उरलं कोण?”

मॅडमनी त्या दिवसाची रजा मांडली आणि मला म्हणाल्या, येतेस का. आम्ही एसटीनं गेलो. वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडलं, ओझरला, पाणी हवं का विचारायला.

आबा केबिनमध्ये होते. पॅकिंगच्या बायका दाराबाहेर सावलीत जेवत होत्या. मॅडमनी केबिनमध्ये चाचणीसाठी जोडलेला जादा सेन्सर आबांच्या हातात दिला आणि मूठ मिटायला सांगितली. आबांना वाटलं काही नवीन दाखवतायत. आकडा चढला, लाल झाला. भोंगा गप्प.

“वायर निघाली असंल,” आबा म्हणाले.

मॅडमनी स्विच बघायला सांगितला. चालू होता. भोंग्याची तपासणीची कळ दाबली, तो कान फाटेल असा वाजला. बाहेरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. मग मॅडमनी प्रोग्राम बंद करून परत सुरू केला आणि आबांना पुन्हा मूठ मिटायला लावली. भोंगा वाजला. आबांनी मूठ उघडली, तरी तो थोडा वेळ वाजत राहिला.

“भोंगा चांगला आहे, स्विच चालू होता. आमच्या प्रोग्रामनं भोंग्याला सोडून दिलं होतं. तो बदल मी केला होता. फोनवर तुम्हाला सांगितलं ते चूक होतं.”

आबांनी सेन्सर टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “बाई, त्या पोराला मी चारचौघांत बोललोय.”

“मग चारचौघांत सांगा.”

“येऊ द्या त्याला कामावर उद्यापासून. पण मी आता काय गावभर सांगत फिरू? माझी पण काही इज्जत हाय. आणि तुमचं हे खोकं घेऊन जा.”

तिथून आम्ही रामदासच्या घरी गेलो. ते नव्हते. त्यांच्या बायकोनं आम्हाला ओट्यावर सतरंजी टाकून दिली. मॅडमनी सगळं सांगितलं, अगदी ग्लासाच्या उदाहरणासकट. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “आम्हाला नका सांगू मॅडम. आम्हाला ठावं हाय. गावाला सांगा.”

मॅडमनी मान हलवली. शेवटची गाडी चुकेल म्हणून आम्ही निघालो.

पुढचं थोडक्यात. आबांचं काम गेलं, त्यांच्या मागोमाग बोलणी चाललेल्या तिघांचंही. महाजन सर मॅडमना एक शब्दही लागट बोलले नाहीत. त्यांचं टेबल तसंच राहिलं, पगार वेळेवर राहिला. फक्त नवीन काम आलं की ते नीलेशकडे किंवा माझ्याकडे यायचं. मॅडम येऊन बसत, आमच्या शंका सोडवत, ग्लास विसळत. पावसाळा संपताना त्यांनी राजीनामा दिला आणि सटाण्याच्या एका कॉलेजात शिकवायला लागल्या. मी त्यांना पोचवायला गेले नाही, तशी पद्धत नव्हती.

त्यानंतर मला त्या एकदाच भेटल्या. चार-पाच वर्षांनी, ठक्कर बाजारच्या स्टँडवर. मी कळवणला निघाले होते. त्या पेपर तपासायला नाशिकला आल्या होत्या आणि सटाण्याच्या गाडीत खिडकीशी बसल्या होत्या. केस बरेच पांढरे. मी खाली उभी राहून खिडकीतून बोलत होते. त्यांनी माझं घर विचारलं, नीलेशचं विचारलं. मग म्हणाल्या, “रामदास आहेत ना अजून तिथं?”

मला माहीत होतं. आमच्या नव्या कंपनीतला एक मुलगा त्याच गावचा होता. मी सांगितलं, ते परत कामावर गेले होते, पण वर्षभरच टिकले. आता पिकअप चालवतात. गावात त्यांना अजून भोंग्या म्हणतात. त्यांच्या मुलाला शाळेतही तेच म्हणतात.

“अजून?”

“हो.”

ड्रायव्हर चढला, गाडी सुरू झाली. त्यांनी वरच्या जाळीतून पिशवी काढली, शेजारच्या बाईला उठवलं आणि खाली उतरल्या. कंडक्टर म्हणाला, ओ ताई, तिकीट फाडलंय तुमचं. त्या म्हणाल्या, राहू द्या.

“मॅडम, कुठे?”

“पिंपळगावच्या गाड्या कुठून लागतात आता? पूर्वी त्या टोकाला लागायच्या.”

मी म्हटलं, इतक्या वर्षांनी काय सांगणार तिथं, आणि कोणाला. त्या म्हणाल्या, “मारुतीच्या पाराशी संध्याकाळी बसतात सगळे. तिथंच सांगते.”

माझी कळवणची गाडी लागली होती. मी चढले. गाडी मागे घेताना मला त्या दिसल्या, पलीकडच्या फलाटावर, उन्हात, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. पिंपळगावची गाडी आत येत होती आणि लोक धावत होते. त्या धावल्या नाहीत. सगळे चढेपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या, मग दांडा धरून चढल्या, आणि बसायला जागा नव्हती म्हणून उभ्याच राहिल्या.